गोट्याला चालवायला सोलापूरला

उजाडायच्या आत सांगली सोडायची असं ठरलं होतं. उजाडलं तेव्हा आम्ही माझ्या भावाच्या दारातच होतो, कारण गोट्या गाडीत बसायला तयार नव्हता.

गोट्या हा बॉक्सर जातीचा कुत्रा. वजनाने सातवीतल्या एखाद्या खात्यापित्या मुलाएवढा, आणि तोंड असं की कुणीतरी दार आपटून बंद केलं आणि हा मध्ये होता. कागदोपत्री त्याचं नाव एवढं लांबलचक आणि इंग्रजी आहे की ते वाचताना मला दोनदा श्वास घ्यावा लागतो. त्याला उत्तम वंशावळ आहे. माझ्या माहेरी कुणाला पणजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येत नाही, पण गोट्याचे पूर्वज सहा पिढ्या छापून आलेले आहेत. त्या सहा पिढ्यांपैकी एकालाही गाडीच्या मागच्या सीटवर चढता येत नसावं. शेवटी रेवाने त्याचे पुढचे पाय आत ठेवले, मी मागचा भाग ढकलला, आणि माझ्या भावाने, शिरीषने, पायरीवर बसून सूचना दिल्या.

शिरीष पायरीवर का बसला होता तेही सांगते. दोन दिवसांपूर्वी गोट्याला समोरच्या कंपाउंडवर मांजर दिसलं. तो धावला, पट्टा शिरीषच्या हाताला गुंडाळलेला होता, त्यामुळे शिरीषही धावला, फक्त त्याला मध्ये चार पायऱ्या लागल्या. घोट्याला प्लास्टर. भावजयीला एकटीला गाडीत बसवलं तरी मळमळतं, गोट्याबरोबर तर विचारूच नका. सोलापुरातला जातिवंत कुत्र्यांचा शो दोन दिवसांवर आलेला. मग घरात कोण उरलं? गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी, सुट्टीच्या दिवशी सुट्टी घेणारी, भूगोलाची शिक्षिका असलेली मोठी बहीण.

“ताई, तुला काही करायचं नाही,” शिरीष म्हणाला. “फक्त गाडी चालव. बाकी सगळं रेवा बघते.”

रेवा त्याची मुलगी. बारा वर्षांची, बारीक, दोन वेण्या, आणि मनात काय चाललंय ते कुणालाही कळू न देणारी. अशा शोमध्ये मुलांची एक वेगळी स्पर्धा असते. मुलाने कुत्र्याला बारीक पट्ट्याने धरून जजसमोर दुडक्या चालीने फिरवायचं, मग चारही पाय नेमक्या जागी ठेवून उभं करायचं, दात दाखवायचे. गंमत म्हणजे ह्यात गुण कुत्र्याला नसतात, मुलाला असतात. कुत्रा कसा आहे ह्याला किंमत नाही, मुलाने त्याला कसं दाखवलं ह्याला आहे. हे मला शिरीषने तीनदा समजावून सांगितलं, म्हणजे त्याला स्वतःलाच ते पटलेलं नसावं.

मिरज मागे पडेपर्यंत गोट्याने माझ्या उजव्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं. बॉक्सरला लाळ गळते. थेंब थेंब नाही, दोरी. काच उघडली की तो डोकं बाहेर काढायचा आणि ती दोरी वाऱ्याने मागे उडून काचेला चिकटायची. काच लावली की वास. मी जानेवारीच्या थंडीत काच अर्धी उघडून, कानाला मफलर गुंडाळून गाडी हाकत होते. त्यात शिरीषचे फोन.

“कुठे पोचलात?”

“आत्ताच तर निघालो.”

“त्याला पाणी दिलं? रेवाला म्हणावं चालताना मान वर. तिची नाही, त्याची.”

नागजच्या पुढे मेंढ्यांचा मोठा कळप रस्ता ओलांडत होता. गाडी थांबवली. मेंढ्या बघून गोट्या असा भुंकला की माझ्या कानात शिट्टी वाजली. कळपामागून चालणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी घोंगडी सावरत खिडकीतून आत पाहिलं.

“ह्येचं नाक कुटं गेलं वो?”

“असंच असतं बाबा ह्याचं,” रेवा मागून म्हणाली.

“असं व्हय? मला वाटलं गाडीबिडी धडाकली.” त्यांनी पुन्हा निरखून पाहिलं. “श्वास तर घेतंय की बरा?”

“घोरतो पण लई,” रेवा म्हणाली. त्या सकाळी ती पहिल्यांदा हसली. माझी भाची ‘लई’ म्हणते हेही मला पहिल्यांदाच कळलं.

सांगोल्याच्या आसपास डाळिंबाच्या बागा सुरू झाल्या. पुढे मंगळवेढ्याकडे जमीन काळी होत जाते आणि मग ज्वारी, नुसती ज्वारी. कणसं भरलेली, कुठे कुठे शेताच्या कडेला हुरड्याच्या आगट्या (कोवळी कणसं भाजायचे खड्डे) पेटवायची तयारी. भूगोल शिकवताना दरवर्षी मी फळ्यावर ‘काळी कसदार मृदा’ असं लिहिते. ती खिडकीबाहेर पसरलेली पाहायला मिळाली की एखाद्या शिक्षिकेने गाडी थांबवून पाच मिनिटं उभं राहावं. मी थांबवली. गोट्याने उतरून त्या काळ्या कसदार मृदेत लोळण घेतली.

त्याला पुसण्यात माझा एक टॉवेल आणि सगळा निसर्गप्रेमाचा उत्साह संपला.

मंगळवेढ्याला नाश्त्याला थांबलो. गरम भजी आली. रेवाने एकही उचललं नाही. ती टपरीच्या खांबाला बांधलेल्या गोट्याकडे बघत बसली होती.

“खा ग. रिंगमध्ये चक्कर येईल.”

“आत्या, आज माझा नंबर नाही आला तर गोट्याला पुण्याला पाठवणार आहेत.”

“कशाला?”

“तिथे एक अंकल आहेत. ते पैसे घेऊन कुत्री शोमध्ये दाखवतात. बाबा म्हणालाय, हिला जमलं तर ठीक, नाहीतर त्याचं वय वाया जाईल. पूर्ण सीझन तिकडेच ठेवायचं. मग बहुतेक पुढचाही.”

“आणि हे तुला कधी सांगितलं?”

“मला नाही सांगितलं. फोनवर बोलत होता.”

मी भजी खाली ठेवली. शिरीष माझा धाकटा भाऊ. लहानपणी गॅदरिंगमध्ये कविता विसरला म्हणून स्टेजवरून खाली यायला तयार नव्हता, मीच त्याला हात धरून उतरवला होता. त्याला आता मुलीला स्टेजवर चढवायचं होतं. बरं, शोचं वेड त्याचं, कुत्रा त्याने आणलेला, प्लास्टर त्याच्या पायाला, आणि भजी न खाता बसलेली ही. त्याला फोन लावून चार गोष्टी सुनवाव्यात असं वाटलं. पण आधी पोचू, मग बघू, असं म्हणून मी गाडीत बसले.

सोलापुरात शिरलो आणि अडकलो. सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, गड्डा (यात्रेतली जत्रा) भरलेला, त्यामुळे अर्धे रस्ते वळवलेले. शोचं मैदान शहराबाहेर कुठेतरी, आणि शिरीषने पाठवलेला नकाशा आम्हाला पुन्हा पुन्हा एका बंद गिरणीच्या भिंतीसमोर आणून सोडत होता. एका रिक्षावाल्या चाचांना विचारलं.

“कुत्त्यां का शो?” ते म्हणाले. “गड्डे में तो नै दिख्या जी. शेर है, मौत का कुवाँ है, कुत्ते का नै सुने.” मग त्यांनी मागे बघितलं, गोट्याशी त्यांची नजरानजर झाली, आणि ते मनापासून म्हणाले, “इसको इनाम मिलता क्या?”

तरी त्यांनी अंदाजाने दाखवलेल्या दिशेने गेलो आणि मैदान सापडलं, एवढं मात्र खरं.

मांडव, लाल-हिरवी जाजमं, दोऱ्या बांधून केलेले चौकोन, आणि कुत्री. टेबलावर उभी राहून केस वाळवून घेणारी कुत्री, छत्रीखाली झोपलेली कुत्री, खुर्चीवर बसलेली कुत्री आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली माणसं. मुलांची स्पर्धा सकाळी होणार होती. आम्ही उशीर झाला म्हणून धावत गेलो, तर कळलं प्रमुख पाहुणे यायचे आहेत. पाहुणे आल्याशिवाय उद्घाटन नाही, उद्घाटनाशिवाय स्पर्धा नाही. पाहुणे निघालेत, एवढं ध्वनिक्षेपकावरून दर थोड्या वेळाने सांगत होते. ते कुठून निघालेत हे कुणी सांगत नव्हतं.

मुलांच्या स्पर्धेला आठ-नऊ मुलं होती आणि त्यांचे सोळा-अठरा आईबाप. मुलं बिचारी जाजमाच्या कडेला बसून एकमेकांच्या कुत्र्यांची नावं विचारत होती. आईबापांचंच काही ठिकाणावर नव्हतं. एक आई मुलाच्या भांगावर आणि कुत्र्याच्या पाठीवर एकच फवारा मारत होती. एक वडील मुलाला कोट घालायला लावत होते. सोलापूरच्या उन्हात कोट! जानेवारी असला म्हणून काय झालं, अकरा वाजले की इथलं ऊन डोक्यावर तवा ठेवल्यासारखं असतं. ते पोर घामाने निथळत होतं आणि बाप त्याच्या टायची गाठ आवळत होता.

सावली शोधत आम्ही मांडवाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे एक गृहस्थ चादर अंथरून बसले होते, बरोबर रेवाच्याच वयाची मुलगी, आणि तिच्या मांडीवर बुटकी, लांबुळकी, तपकिरी डॅशहाउंड कुत्री.

“या की ताई, बसा की सावलीला,” त्यांनी सरकून जागा दिली. “कुठनं आलाव?”

ते अंबादास. भवानी पेठेत राहतात, घरामागे चार यंत्रमाग आहेत, टॉवेल विणतात. मुलगी श्रावणी. कुत्री चिन्नी (तेलुगूत लहानगी). बापलेक आपसात तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी, आणि चिन्नीशी दोन्ही.

“तुम्ही काही सांगत नाही मुलीला?” मी विचारलं. एवढ्या मांडवात गप्प बसलेला हा एकच बाप मला दिसला होता.

“काय सांगू ताई? मला काय कळतंय त्यातलं? हिच्या मामानं कुत्री दिली, हिनं मोबाइलवर बघून शिकवली. मी फक्त स्कूटरवर आणून सोडतो.” मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “खरं सांगू? मला भ्या वाटतंय कुत्र्याचं. चिन्नीचं न्हाय वाटत. बाकीच्यांचं वाटतंय.”

असं म्हणत त्यांनी गोट्यापासून चादर आणखी थोडी दूर ओढली.

दुपार झाली. पाहुणे आले, बोलले, सोलापूरच्या प्रगतीत कुत्र्यांचा वाटा सांगून गेले. अंबादासभाऊंनी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकणारी. ती मोडून दह्यात भिजवायची आणि वर तेल घातलेली चटणी. सकाळपासून पहिल्यांदा मला आयुष्याबद्दल काही चांगलं वाटायला लागलं. रेवानेही खाल्लं. श्रावणीने तिला विचारलं, “तुझा पहिलाच शो?” आणि दोघी बोलायला लागल्या. मी हात धुवायला उठले.

तेवढ्यात गोट्याने चटणीचा डबा संपवला.

नुसती खाल्ली असती तर एक वेळ परवडलं असतं. ती तिखट लागली, त्याने डोकं झटकलं, आणि ती सगळी लाल तेलकट लाळ त्याच्या पांढऱ्याशुभ्र छातीवर उडाली. नेमकं त्याच क्षणी ध्वनिक्षेपकावरून जाहीर झालं की मुलांची स्पर्धा आता सुरू होत आहे.

रेवाने पाण्याची बाटली ओतली. श्रावणीने वडिलांच्या पिशवीतला कोरा टॉवेल काढून घासायला घेतला. डाग लाल होता तो गुलाबी झाला. तोच शिरीषचा फोन. व्हिडिओवर.

“ताई, मला रिंगकडे धर. अरे, त्याच्या छातीला काय झालंय?”

“सोलापूर,” मी म्हणाले.

रिंगभोवती गर्दी झाली. जज दक्षिणेकडून आलेल्या एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, मोडकं हिंदी बोलायच्या आणि हसायच्या मुळीच नाहीत. मुलं ओळीने आत गेली. कोटवाला मुलगा सगळ्यांत पुढे, मध्ये श्रावणी, शेवटी रेवा. मी दोरीला टेकून मोबाइल उंच धरला, कारण शिरीषला मी तसं कबूल केलं होतं.

रेवा चालायला लागली. मला त्यातलं काही कळत नाही, पण बघवत नव्हतं एवढं कळत होतं. ती दोन पावलं टाकायची आणि खाली गोट्याकडे बघायची. तिने बघितलं की गोट्या थांबायचा आणि तिच्याकडे बघायचा. मग दोघं उभी. पुन्हा दोन पावलं. कोपऱ्यावर तर तो चक्क बसला आणि शांतपणे ओठ चाटायला लागला. चटणीची चव अजून रेंगाळत असावी.

“मान वर!” माझ्या हातातून आवाज आला. “रेवा, मान वर! पट्टा आखूड! डावीकडे घे!”

मी आवाज बंद करायचं बटण शोधायला लागले. ते सापडण्याऐवजी आवाज मोठा झाला. “रेवा! ऐकतेस का?” साऱ्या मैदानाने ऐकलं. रेवा जागच्या जागी गोठली. जज बाई वळल्या आणि थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“ये कौन है?” त्यांनी मोबाइलकडे बोट दाखवलं.

“बाप है,” मी म्हणाले.

“बंद करो. बाहर से बोलने का नहीं.”

मोबाइलवर शिरीषचा चेहरा काही सांगायला तोंड उघडत होता. मी फोनच बंद केला. दिवसभरात एवढं समाधान देणारं दुसरं काही मी केलं नव्हतं. पण रेवाकडे पाहिलं तर तिचे कान लाल झाले होते.

सगळ्यांचं चालून झाल्यावर जज बाईंनी निवडक चौघा मुलांना मागे ठेवलं. त्यात कोटवाला होता, श्रावणी होती, आणि, मला खरं वाटेना, रेवाही होती. का ठेवलं असेल? फोनवरच्या बापाची कीव आली असेल, किंवा एवढा दंगा होऊनही तिने पट्ट्याला हिसका दिला नव्हता म्हणून असेल. मग त्या म्हणाल्या की आता कुत्री बदला. अशा स्पर्धेत जज कधी कधी तसं करतात म्हणे. दुसऱ्याचा कुत्रा हाताळता येतो का ते पाहतात. रेवाच्या हातात चिन्नी आली आणि गोट्याचा पट्टा श्रावणीने घेतला.

श्रावणी निघाली, आणि गोट्या तिच्याबरोबर निघाला.

मी त्याला पिल्लू असल्यापासून पाहते आहे. सोफा फाडताना, चप्पल चावताना, घोरताना पाहिलंय. हा कुत्रा मी कधीच पाहिला नव्हता. छाती पुढे, मान उंच, पाय असे पडत होते की जाजमाला लागतात की नाही कळू नये. गुलाबी डागसुद्धा मुद्दाम लावलेला वाटत होता. श्रावणी त्याच्याकडे बघतही नव्हती. ती समोर बघून चालत होती आणि तो तिच्याबरोबर वाहत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी उभे अंबादासभाऊ पुटपुटले, “हिला भ्या कसं वाटत न्हाय!”

रेवाने आपल्या कुत्र्याला दुसरीबरोबर जाताना पाहिलं. मग तिची पाळी. चिन्नी चार पावलं चालली आणि श्रावणी दिसेना म्हणून बसली. रेवाने खाऊ दाखवला. चिन्नीने खाल्ला आणि पुन्हा बसली. कुणीतरी हसलं. रेवा खाली वाकून तिच्याशी बोलली, थांबली, पुन्हा चालवून पाहिलं. कसाबसा फेरा पुरा झाला.

पहिली श्रावणी. दुसरा कोटवाला. तिसरा एक लहानसा मुलगा. रेवाशी जज बाईंनी हात मिळवला, बस.

बक्षीसवाटप चालू असताना रेवा नाहीशी झाली. पाण्याच्या टँकरमागे सापडली. गोट्याच्या गळ्यात हात टाकून रडत होती आणि तो तिचा कान चाटत होता.

“पुण्याचं बघू आपण,” मी म्हणाले. “मी बोलते बाबाशी.”

“पुण्याचं नाही ग!” ती माझ्यावर ओरडली. “तो तिच्याबरोबर चालला! एका मिनिटात! माझ्याबरोबर वर्षभर नाही चालला!”

भूगोलाच्या शिक्षिकेला ह्यावर काय येणार? मी नुसती तिथे टँकरच्या ओल्या चाकाला टेकून बसले.

श्रावणी बक्षिसाचा चषक काखेत घेऊन आली. रेवाने तोंड फिरवलं. श्रावणीने चषक वडिलांकडे दिला आणि समोर उकिडवी बसली.

“तू सारखी त्याच्या तोंडाकडं बघती,” ती म्हणाली. “मग त्याला वाटतं तुला काहीतरी झालंय. म्हणून थांबतो.”

“तुला काय माहीत?”

“माझ्याबरोबर तो माझ्याकडं बघतच नव्हता की. तुलाच शोधत होता. तू रिंगच्या त्या टोकाला हुतीस ना, म्हणून एवढा जोरात चालला. मला तर ओढत नेलं त्यानं. हात बघ.” तिने तळहात पुढे केला. पट्ट्याची लाल रेघ उमटली होती.

रेवाने तो हात धरून पाहिला. मग तिने नाक पुसलं.

मैदान रिकामं होत होतं. मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते, अर्धं जाजम गुंडाळून झालं होतं. दोघी मुली रिंगमध्ये गेल्या. श्रावणी पलीकडच्या टोकाला चिन्नीला घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्याकडं बघ. खाली बघू नको.”

रेवाने पट्टा धरला, मान वर केली आणि निघाली. पहिल्या खेपेला ती खाली बघायला गेली, श्रावणी ओरडली, “वर की!” दुसऱ्या खेपेला तिने बघितलं नाही. आणि गोट्या चालला. तोच कुत्रा, तेच पाय, पण आता घाई नव्हती, शोधणं नव्हतं. जिला शोधत होता ती बरोबरच होती. उन्हं तिरपी झाली होती आणि त्या अर्ध्या जाजमावर ती दोघं फेरे मारत राहिली, एक, दोन, मग मी मोजायचं सोडलं. मांडववाले हातात खुर्च्या धरून बघत उभे राहिले. अंबादासभाऊ भीती विसरून दोरीपर्यंत पुढे आले.

माझा फोन बंदच होता. चालू करावा, हे टिपून शिरीषला पाठवावं, म्हणजे पुण्याचा प्रश्नच मिटला, हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी बघत होते.

निघताना श्रावणीने रेवाचा नंबर घेतला. अंबादासभाऊंनी तो गुलाबी डागाचा टॉवेल परत घेतला नाही. “राहू द्या की. रस्त्यात लागंल तुमाला,” म्हणाले, आणि गोट्याकडे बघून एक पाऊल मागे सरकले.

परतीच्या वाटेवर सांगोल्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा फोन चालू केला. तो थरथरायचा थांबेना. येईपर्यंत मी शिरीषसाठी एक चांगलं लांबलचक भाषण तयार केलं होतं. त्यात त्याचं बालपण होतं, बापाचं कर्तव्य होतं, जज बाई होत्या. मी फोन लावला, आणि पहिला शब्द बोलायच्या आत रेवाने तो माझ्या हातातून घेतला.

“बाबा, नंबर नाही आला. गोट्या पुण्याला जाणार नाही. तू पाठवलास तर मी परत कुठल्याही रिंगमध्ये जाणार नाही. आणि पुढच्या वेळी तू आलास तरी बोलायचं नाही.” जरा थांबून ती म्हणाली, “आज तो चालला. सगळं संपल्यावर. पण चालला.”

मग तिने फोन मला दिला.

“ताई, रडली का ग ती?”

“रडली.”

“माझ्यामुळे?”

“बरीचशी तुझ्यामुळे. थोडी गोट्यामुळे.”

माझं भाषण जिभेवर होतं, पण त्याचा आवाज ऐकून ते तिथेच राहिलं.

“सावकाश ये,” तो म्हणाला. “उसाच्या ट्रॉल्या असतात रस्त्याला, मागे दिवे नसतात त्यांना.”

सांगलीत पोचलो तेव्हा शिरीष प्लास्टरचा पाय लांब करून दारात बसला होता. रेवा अर्धवट झोपेत उतरली. तो तिला म्हणाला, “पुण्याला फोन केला मी. नाही म्हणून सांगितलं.” ती “बरं” म्हणाली आणि गोट्याला घेऊन आत गेली. तेवढंच. ह्या बापलेकीची बोलणी मी काय करून देणार होते?

प्रवासाहून आलेल्या माणसाला काय काय पाहिलं ते विचारायची रीत आहे. मी सोलापुरात किल्ला पाहिला नाही. सिद्धेश्वराचं तळं पाहिलं नाही. गड्डा लांबून ऐकला. एकही चादर घेतली नाही. अंगाला कुत्र्याचा वास, खांद्यावर वाळलेली लाळ, कमरेत उसण, आणि गाडीच्या सीटमध्ये काळी कसदार मृदा. असा प्रवास पुन्हा करणार नाही, हे मी गाडीतून उतरतानाच ठरवलं होतं.

“खरंच चालला का ग तो?” शिरीषने विचारलं.

“हो.”

“व्हिडिओ काढलास?”

“नाही.”

तो खाली बघायला लागला. “कसा चालला?”

मी सांगायला लागले. छाती अशी पुढे, मान अशी. त्याला नीट कळेना. “म्हणजे दुडक्या चालीने? की उड्या मारत?” उड्या नव्हे रे, म्हणाले, आणि सांगून भागेना तेव्हा मी पर्स त्याच्या मांडीवर ठेवली, चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि अंगणात तुळशीपासून फाटकापर्यंत मान ताठ करून, समोर बघत, दुडक्या चालीने धावून दाखवलं. समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या. येऊ देत.

“पुन्हा एकदा,” शिरीष म्हणाला.

मी पुन्हा एकदा धावले.